पक्षवध आणि अर्धांगवायु : एका शब्दाचा इतिहास व त्याच्या वाचनाची मर्यादा

जुनीं दप्तरें चाळणारांस व वैद्यकाचीं बाडें जमविणारांस एक शब्द वारंवार भेटतो. तो संस्कृत पोथींत पक्षवध किंवा पक्षाघात असा असतो, मराठी कागदांत अर्धांग किंवा अर्धांगवायु असा असतो, आणि आमच्या रत्नागिरीकडील घरगुती बोलण्यांत "अंगावरून वारें गेलें" एवढ्यानेंच त्याचें काम भागतें. शब्द ओळखीचा असल्यामुळें वाचक तेथें थांबत नाहीं. परंतु ओळखीच्या शब्दापाशींच संशोधकाची चूक होण्याचा संभव अधिक. या शब्दाच्या बाबतींत ती दोन प्रकारें होते. कोणी चरकसुश्रुतांत आजच्या रक्तवाहिनीरोधाचें संपूर्ण ज्ञान शोधतात. कोणी त्याच वचनांस केवळ वायूची कल्पना म्हणून बाजूस सारतात. हीं दोन्ही मतें मूळ वचनांपुढें टिकत नाहींत, हें दाखविणें व त्यावरून जुन्या कागदांच्या वाचनास कांहीं नियम मिळतो कीं काय तें पाहणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम मूळ वचनें पाहूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील विसाव्या अध्यायांत वायूचे ऐंशी विकार मोजले आहेत. त्यांत अर्दित, एकांगरोग, सर्वांगरोग व पक्षवध हे निरनिराळे सांगितले आहेत. म्हणजे तोंड वांकडें होणें, एकच अवयव जाणें, सर्व शरीर जाणें आणि अर्धें शरीर जाणें यांचा भेद त्या काळीं स्पष्ट होता. चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत पक्षवधाचें लक्षण येतें, तें असें कीं, वायु शरीराची उजवी किंवा डावी बाजू मारून तिची हालचाल थांबवितो, वेदना उत्पन्न करतो व वाणीचा स्तंभ करतो. सुश्रुतानें निदानस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत हा विकार सांगितला असून त्याच्या साध्यासाध्यतेचा विचारहि केला आहे. केवळ वायूनें झालेला पक्षाघात अत्यंत कष्टानें साध्य, अन्य दोषाचा संसर्ग असलेला साध्य, आणि धातुक्षयामुळें झालेला असाध्य, असें त्याचें मत. कांहीं रोगी सुधारतात व कांहीं कधींच सुधारत नाहींत, हें पुष्कळ रोगी दीर्घकाळ पाहिल्यावांचून लिहितां येत नाहीं. पुढें वाग्भटानें व माधवकरानें हाच विषय संक्षेपानें मांडला; व माधवनिदान हा वैद्यांच्या नित्य पाठांतला ग्रंथ असल्यामुळें त्याच्या नकला महाराष्ट्रांत सर्वत्र पसरल्या.

आतां ज्या वचनावर अतिव्याप्तीचा सर्व भार टाकला जातो, त्याकडे वळूं. चरकाच्या त्याच अध्यायांत वायूच्या प्रकोपाचीं दोन कारणें दिलीं आहेत : एक धातूंचा क्षय व दुसरें मार्गाचें आवरण. "मार्गाचें आवरण" हे शब्द वाचले कीं आधुनिक वाचकास रक्तवाहिनींत अडकलेली गुठळी दिसूं लागते. परंतु येथें अडविला जातो तो वायु आहे, रक्त नव्हे. उलट ज्या पदार्थांनीं वायु आवृत होतो, त्यांत रक्ताचीच गणना आहे. शिवाय सुश्रुताच्या शारीरस्थानाप्रमाणें चोवीस धमन्यांचें मूळ नाभि हें आहे. हृदयापासून निघून पुन्हा हृदयाकडे येणारें रक्ताचें भ्रमण विल्यम हार्वे यानें १६२८ मध्यें सिद्ध केलें. तें ज्ञात नसतां धमनी हा शब्द आजच्या अर्थानें घेणें म्हणजे पोथीच्या कोऱ्या समासांत आपलें वाक्य लिहून तें ग्रंथकाराच्या नांवावर खपविणें होय.

तथापि निरीक्षणाचें श्रेय निरीक्षकास दिलेंच पाहिजे. सुश्रुतानें एकशें सात मर्में सांगतांना कंठनाडीच्या दोन्ही बाजूंस नीला व मन्या या चार धमन्या सांगितल्या असून तेथें इजा झाल्यास मूकता, स्वराची विकृति व रसज्ञानाचा लोप होतो असें म्हटलें आहे. ग्रीक वैद्यांनींहि मानेंतील मोठ्या धमन्यांस गुंगीवाचक धातूवरून नांव दिलें. आज कॅरोटिड हा शब्द रूढ आहे तो त्यावरूनच. चरकसंहितेचा जो भाग दृढबलानें पूर्ण केला, त्यांतील सिद्धिस्थानाच्या नवव्या अध्यायांत शिरोमर्मास आघात झाला असतां अर्दित, चेष्टानाश व मूकत्व होतें असें सांगितलें आहे. म्हणजे डोक्यास मार लागून हालचाल व वाचा जाते हें ठाऊक होतें. परंतु माराशिवाय आपोआप झालेल्या पक्षवधाचें स्थान शिरांत शोधावें, ही पुढची पायरी चढली गेली नाहीं. त्याचप्रमाणें उजवी बाजू, डावी बाजू व वाक्स्तंभ हे तीन शब्द एकाच वचनांत शेजारी शेजारी आहेत. पण वाचा बहुधा कोणत्या बाजूबरोबर जाते, हा प्रश्न विचारला गेला नाहीं.

तो प्रश्न युरोपांतहि फार उशिरां सुटला. मेंदूच्या एका बाजूची इजा शरीराच्या विरुद्ध बाजूस दिसते, हें प्राचीन ग्रीक वैद्यांस ठाऊक होतें व कपाडोशियाच्या अरेटियसनें त्याचें कारण मज्जातंतूंचें परस्परछेदन असें दिलें होतें. परंतु वाचेचें स्थान डाव्या अर्धगोलांत आहे हें पॅरिसच्या पॉल ब्रोका यानें १८६१ ते १८६५ या काळांत दाखविलें. रोगाच्या कारणाविषयीं पाहतां, १६५८ मध्यें शाफहाउझेन येथील योहान याकोब वेप्फर यानें मृतांचे मेंदू तपासून कांहींत रक्तस्राव झाल्याचें दाखविलें, व मेंदूकडे जाणारें रक्त वाटेंत अडल्यासहि हाच परिणाम होईल असें प्रतिपादिलें. १६६४ मध्यें टॉमस विलिस यानें मेंदूच्या तळाशीं असलेलें धमन्यांचें कडें वर्णिलें. त्यामुळेंच एका बाजूची मोठी धमनी बुजूनहि कांहीं माणसें धडधाकट राहतात याचा उलगडा झाला. रुडॉल्फ फिर्खो यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दोन प्रकार वेगळे केले : गुठळी जागच्या जागीं जमणें आणि दुसरीकडे जमलेला तुकडा वाहत येऊन अडकणें. येणेंप्रमाणें अर्धांग या एका शब्दाखालीं निदान तीन भिन्न घटना होत्या, हें उघड झालें.

या विवेचनाचा उपयोग एका सर्वश्रुत उदाहरणावर करून पाहूं. महात्मा जोतीराव फुले यांस ११ मे १८८८ रोजीं मुंबईंत "महात्मा" ही पदवी अर्पण झाली, व त्याच वर्षीं पुढें त्यांस अर्धांगाचा झटका आला. उजवें अंग निकामी झालें. त्यांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनीं उपचार केले. "सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक" हा ग्रंथ जोतीरावांनीं डाव्या हातानें लिहून पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं त्यांचें देहावसान झालें व ग्रंथ १८९१ मध्यें प्रसिद्ध झाला. यावरून काय निघतें ? उजवें अंग गेलें त्या अर्थीं आघात मेंदूच्या डाव्या बाजूस होता. पण वाक्यरचनेची व विचाराची शक्ति अभंग राहिली, याची साक्ष खुद्द ग्रंथच देतो. म्हणजे भाषेचें केंद्र बऱ्याच अंशीं बचावलें असलें पाहिजे. यापुढें मात्र जातां येत नाहीं. रक्तवाहिनी बुजली कीं फुटली, हें लक्षणांच्या वर्णनावरून ठरत नाहीं. जिवंत माणसाच्या बाबतींत हा भेद खात्रीनें दिसूं लागला तो गॉडफ्रे हाउन्सफील्ड याच्या संगणकीय क्ष-किरण यंत्रामुळें. त्या यंत्रानें पहिला रोगी १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनजवळ तपासला गेला. तेव्हां त्यापूर्वीच्या कोणत्याहि ऐतिहासिक पुरुषाच्या अर्धांगास शवपरीक्षेच्या आधारावांचून एकच निश्चित कारण चिकटविणें हें इतिहासाच्या शिस्तीस धरून नाहीं.

याच उदाहरणांत हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावी अशी एक गोष्ट आहे. परिचित लेखकाचें वळण एका विशिष्ट मितीपासून एकाएकीं बदललें, अक्षर मोठें, तुटक व ओळीबाहेर जाणारें झालें, कीं आपण कागद बनावट ठरविण्यास धांवतों. परंतु उजवा हात जाऊन डाव्या हातानें लिहिणें, किंवा वाचा शाबूत असतां दुसऱ्याकडून लिहविणें, हें अर्धांगाच्या रोग्यास प्राप्तच असतें. अशा वेळीं वळणापेक्षां शब्दयोजना, संबोधनाची रीत, नेहमींच्या लेखनचुका व त्याच सुमाराच्या इतर पत्रांतील आजाराचे उल्लेख हे पुरावे अधिक बलवान समजावे. एका हाताच्या दुर्बलतेमुळें खरा कागद खोटा ठरूं नये.

आतां आजच्या जीवशास्त्रानें या घटनेचें आंतील स्वरूप कसें उलगडलें तें थोडक्यांत सांगतों, कारण त्यावांचून पुढील सूचनेचें महत्त्व कळणार नाहीं. मेंदूचें वजन शरीराच्या सुमारें शेंकडा २. पण विश्रांतींतहि प्राणवायूचा सुमारें पांचवा हिस्सा तो घेतो, आणि त्याच्याजवळ शिल्लक सांठा जवळजवळ नसतो. मेंदूच्या १०० ग्रॅम भागास मिनिटाला सुमारें ५० मिलिलिटर रक्त मिळतें. तें सुमारें २० च्या खालीं गेलें कीं पेशींचें कार्य थांबतें; १० च्याहि खालीं गेलें कीं पेशी मरूं लागतात. ऊर्जा संपल्यामुळें पेशींतून सोडियम बाहेर काढणारी यंत्रणा बंद पडते, ग्लुटामेट नांवाचें संदेशवाहक द्रव्य अमर्याद सांडतें, त्यामुळें शेजारच्या पेशींत कॅल्शियम शिरतें व तें त्यांचा आंतून नाश करतें. म्हणजे एक पेशी मरतांना शेजारणीसहि ओढून नेते.

परंतु २० व १० यांच्या मधल्या पट्ट्यांतील पेशी निश्चेष्ट असूनहि जिवंत असतात. १९८१ मध्यें आस्ट्रुप, सीसो व सायमन या संशोधकांनीं या पट्ट्याचें विवेचन करतांना ग्रहणाच्या परिभाषेंतील शब्द योजिला. पूर्ण छायेच्या भोंवतीं जी फिकट छाया असते तिचें तें नांव. आपल्या पंचांगांत "छायाकल्प" ग्रहण म्हणतात तें याच छायेंतलें. रक्त वेळेवर परत आलें तर हा भाग उजळतो, न आलें तर खग्रास होतो. १९९५ मध्यें गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा उपयोग पहिल्या तीन तासांत होतो असें सिद्ध झालें. २००८ मध्यें ती मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ मध्यें मोठ्या धमनींतील गुठळी नळीनें ओढून काढण्याचा लाभ अनेक प्रयोगांनीं प्रस्थापित झाला, व निवडक रोग्यांत ती मुदत चोवीस तासांपर्यंत नेतां येते असें २०१८ मध्यें दिसून आलें. मोठी धमनी बुजली असतां दर मिनिटास सरासरी १९ लक्ष मज्जापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्यें प्रसिद्ध झाला आहे.

येथेंच जुना शब्द आजहि अपाय करूं शकतो. "वारें गेलें" असें म्हटलें कीं तेल, शेक व मर्दन हेंच ओघानें सुचतें. कारण त्या शब्दाच्या पोटांत चरकाची स्नेहस्वेदाची चिकित्सा हजारों वर्षें बसलेली आहे. परंतु वाहिनी बुजली कीं फुटली हें डोळ्यानें किंवा नाडीनें कळत नाहीं, आणि एकास उपकारक असलेलें औषध दुसऱ्यास मारक ठरतें. कोंकणांतल्या वाडीवस्तीहून असें यंत्र असलेल्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता आधींच लांबचा. त्यांत पहिले तास अंगणांतच गेले तर छायाकल्पाचा खग्रास होतो. तोंड वांकडें होणें, हात खालीं पडणें, बोलणें अडखळणें हीं चिन्हें दिसतांच रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. पोथी अभ्यासाची वस्तु आहे, त्या तासांची नव्हे. हें सांगण्यास पोथीचा आदर करणारा मनुष्यच अधिक योग्य.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. बाडांत किंवा पत्रांत अर्धांगाचा उल्लेख आढळल्यास मूळ शब्द जसाच्या तसा उतरून घ्यावा, त्याच्या जागीं आधुनिक नांव घालूं नये. कोणती बाजू गेली, वाचा राहिली कीं गेली, झटका एकदम आला कीं हळूहळू, किती दिवसांनीं सुधारणा किंवा मृत्यु झाला, आणि मिती कोणती, एवढीं पांच टिपणें शेजारी करावीं. जुन्या वैद्यानें बाजू व वाणी हीं दोन्ही नोंदविलीं, म्हणूनच त्याचें वचन आज तपासतां येतें. त्याचा सिद्धान्त आपण स्वीकारिला नाहीं तरी त्याची नोंद करण्याची शिस्त स्वीकारण्याजोगी आहे.