विणीतली 'बरकत'

लोकरीचा मफलर विणणे ही मिशनरी बायकांनी आणि इंग्रज मडमांनी आणलेली कला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हिंदुस्थानात ती बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे पसरली, हे खरेच. पण तिचे मूळ वेगळे आहे.

इजिप्तमध्ये तिसऱ्या ते पाचव्या शतकातले लोकरीचे मोजे सापडले आहेत. ते विणल्यासारखे दिसतात; परंतु एकाच, नाकाच्या सुईने केलेले आहेत. आज आपण विणतो तशा विणीचे सर्वांत जुने ज्ञात नमुनेही इजिप्तमधलेच, साधारण अकराव्या ते तेराव्या शतकातले. हे निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे. काहींवर कूफी वळणाच्या अक्षरांचे पट्टे आहेत.

पुढे ही कला स्पेनमध्ये दिसते. कॅस्टिलचा राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दा १२७५ साली वारला. बुर्गोसच्या लास उएल्गास मठातल्या त्याच्या कबरीत रेशमी विणीची उशी मिळाली. एका इंचात सुमारे २० टाके! त्यावर गरुड आहेत, किल्ले आहेत आणि काठावर कूफी लिपीत पुन्हा पुन्हा एकच शब्द: 'बरकत'. हे काम मुसलमान कारागिरांचे, असे अभ्यासक मानतात. राजपुत्राचे नाव इतिहासात राहिले. त्याच्या डोक्याखाली दुआ विणणाऱ्याचे राहिले नाही.

आपल्या मुली मफलर विणतात तेव्हा टाक्यांची ओळ उजवीकडून डावीकडे सरकते, उर्दूच्या ओळीसारखी. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण हातातली सुई परकी नाही, हे त्यांना टाक्यांबरोबरच सांगायला हवे. ते आपण आजवर सांगितले नाही.