टोकायच्या ऑसू द्राक्षारसाचा मूळपुरुष

हंगेरीच्या ईशान्येस तिसा व बोद्रोग या नद्यांच्या संगमावर टोकाय गांव असून त्याच्याच नांवानें ओळखल्या जाणाऱ्या डोंगरपायथ्याच्या प्रांतांत ऑसू नांवाचा गोड द्राक्षारस होतो. ऑसू म्हणजे सुकलेला. शरदांत नद्यांवरून उठणाऱ्या धुक्यामुळें फुर्मिंट इत्यादि जातींच्या पक्व द्राक्षांवर एक प्रकारची बुरशी धरते व फळ वेलीवरच आटून मनुक्यासारखें होतें. असे मणी एकेक वेंचून ताज्या रसांत भिजवितात व मग पिळतात. कौटिल्यानें कापिशायन व हारहूरक हीं मद्याचीं नांवें देशावरून सांगितलीं आहेत. टोकाय हें नांव त्याच जातीचें. १७३७ सालीं तर राजाज्ञेनें या प्रांताच्या सीमाच ठरविण्यांत आल्या.

या रसाचें जनकत्व माते सेप्शी लाट्स्को या धर्मोपदेशकाकडे देण्याची रूढि आहे. तुर्कांच्या स्वारीच्या भयानें तोडणी लांबली, द्राक्षें वेलीवर सुकलीं, त्यांचा रस काढून त्यानें तो झुझान्ना लोरांत्फी या आपल्या धनिणीस ईस्टरच्या सणास अर्पण केला, अशी ही कथा. काल कोणी १६३० च्या सुमाराचा देतात, कोणी १६५० चा. पैकी दुसरा घेतल्यास, १६३३ त निवर्तलेल्या गृहस्थानें सतरा वर्षांनीं रस गाळला असें म्हणावें लागतें ! बखरींतील शकांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं.

आतां लेखी पुरावा पाहूं. शारोशपातक येथील पाठशाळेचा आचार्य बालाझ सिक्सॉई फाब्रित्सियुस १५७६ त वारला. त्याचा लॅटिन-हंगेरी शब्दकोश १५९० त छापला गेला. त्यांत ऑसू द्राक्षांच्या रसाचा शब्द आहे. आम्हांस मात्र एवढाच पुरावा पुरेसा वाटत नाहीं. सुकल्या द्राक्षांचा रस प्राचीन रोमकांसही ठाऊक होता व त्यास लॅटिनमध्यें स्वतंत्र शब्द होता; कोशकार त्या ग्रंथस्थ शब्दास केवळ देशी प्रतिशब्द देत असेल. संस्कृत कोशांतील प्रत्येक वस्तु कोशकाराच्या गांवीं विकत मिळत होती असें कोण म्हणेल ?

निर्णायक ठरतो तो पुढें हातीं आलेला १५७१ चा दस्तऐवज. व्यवहाराच्या कागदास प्रतिशब्दांची हौस नसते. ज्याअर्थीं त्यांत ऑसू रसाचा उल्लेख आहे, त्याअर्थीं तो तेव्हां प्रचारांत होता. लाट्स्कोनें कृतींत कांहीं सुधारणा केली असल्यास तें श्रेय त्याजकडे खुशाल राहो. जनकत्व मात्र या कागदानें निदान साठ वर्षें मागें नेलें आहे.