अल ऐनच्या राजवाड्यातील छायाचित्रे

नाहयान कुटुंबाची छायाचित्रे अबू धाबीच्या मुलखातील अल ऐन येथील, आता वस्तुसंग्रहालय झालेल्या जुन्या राजवाड्यात वंशवृक्षासह मांडलेली आहेत. याच कुटुंबातील शेख झायद जन्माने शेतकरी नव्हेत, सत्ताधारी कुळातले. परंतु १९४६ साली अल ऐनच्या मरूद्यानाचा कारभार हाती आल्यापासून खजुरीच्या बागा, पाण्याच्या पाळ्या आणि फलज, म्हणजे भूमिगत पाट, यांतच त्यांचे चित्त इतके गुंतलेले होते की, १९६६ साली अबू धाबीचे अधिपती आणि १९७१ साली संयुक्त अरब अमिरातींचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या या पुरुषाच्या राजकारणाचा उगम पाण्याच्या वाटणीत आहे, असे म्हणणे प्रस्तुत संपादकास सर्वथा रास्त वाटते. औरंगाबादची मलिक अंबराची नहर ज्यांनी पाहिली आहे, त्यांस फलजची रचना निराळी समजावून सांगणे नको. इंग्रज प्रवासी विल्फ्रेड थेसिजर यास शेख झायद प्रथम भेटले ते मुवैजी किल्ल्यापुढील काटेरी झाडाखाली, वाळूवर बसलेले, कमरेस खंजीर आणि काडतुसांचा पट्टा. थेसिजरने टिपलेली कृष्णधवल चित्रे मात्र या कौटुंबिक संग्रहातील नव्हेत. ती अल ऐनच्याच जाहिली किल्ल्यात पाहावयास मिळतात, आणि त्यांच्या मूळ फिती ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाच्या दप्तरी आहेत.