आकाश निवडणारी तबकडी

ऑक्टोबर १९४५ मध्ये आर्थर क्लार्क यांनी लिहिले, की विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच फिरणारा उपग्रह आपल्याला स्थिर भासेल. १९७५ मध्ये भारताच्या ‘साइट’ प्रयोगाचे कार्यक्रम त्यांनी कोलंबोतल्या घरी तबकडी बसवून पाहिले. १९९१ मध्ये स्टार टीव्ही आला आणि तबकड्या आपल्याही गच्च्यांवर चढल्या. काही हौशींनी तिला मोटर जोडली. खांब ओळंब्यात, तोंड खऱ्या दक्षिणेला, फिरण्याचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर. म्हणजे मुंबईत १९ अंश उचललेला. हे जमले, की बटण दाबताच तबकडी पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत एकेका उपग्रहापाशी थांबे. दक्षिण जराशी चुकली, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या! आज डीटीएचची तबकडी एकाच दिशेला खिळलेली असते. आकाश निवडायची मुभा मात्र त्या मोटरवालीनेच दिली होती.