मध्यम वजनगटातील जबर ठोसेबाज

व्यावसायिक मुष्टियुद्धात १५४ पौंडांहून अधिक व १६० पौंडांपर्यंत (७२·५७ किग्रॅ.) वजन असणाऱ्या मुष्टियोद्ध्यांचा गट ‘मध्यम वजनगट’ (मिडलवेट) या नावाने ओळखला जातो. ऑलिंपिक सामन्यांत १९५२ पासून टोकिओ येथे २०२१ मध्ये झालेल्या सामन्यांपर्यंत पुरुषांसाठी ही मर्यादा ७५ किग्रॅ. होती. एकाच ठोशात प्रतिस्पर्ध्याला बाद करणारे खेळाडू सर्वच गटांत आढळतात; तथापि या गटातील खेळाडूचे वजन अवजड गटातील योद्ध्यालाही लोळविण्यास पुरेसे असते आणि त्याची चपळाई मात्र हलक्या गटातील खेळाडूसारखी टिकून राहते. त्यामुळे ठोशाच्या सामर्थ्याची चर्चा या गटाभोवती विशेष होत आली आहे.

ठोशाचा जोर केवळ दंडातून येतो, ही समजूत बरोबर नाही. मागील पायाचा रेटा, कमरेची पीळ आणि खांद्याची झेप ही एकामागून एक जुळून आली, म्हणजे जवळजवळ सर्व शरीराचे वजन मुठीमागे उभे राहते. हनुवटीच्या बाजूस बसलेल्या ठोशाने डोके एकदम फिरते, मेंदूला हिसका बसतो व शुद्ध हरपते. यकृतावर किंवा छातीच्या पिंजऱ्याखाली बसलेल्या ठोशाने मनुष्य शुद्धीवर असतो, पण श्वास कोंडून त्याला उठता येत नाही. न दिसलेला ठोसा दिसलेल्या ठोशापेक्षा अधिक लागतो, हे सर्व जाणकारांना मान्य आहे.

जबर ठोसेबाज ठरविण्यास बाद केलेल्या प्रतिस्पर्ध्यांचे शेकडा प्रमाण हा एकच निकष पुरत नाही. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवर हे प्रमाण सहज वाढते. कोणाला पाडले आणि त्यापूर्वी तो कधी पडला होता काय, हे पाहणे अधिक युक्त ठरते.

या कसोटीवर पहिला मान बॉब फिट्झसिमन्स (१८६३–१९१७) याला द्यावा लागतो. इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे जन्मलेला हा मुष्टियोद्धा न्यूझीलंडमधील टिमरू येथे वाढला व तेथे त्याने लोहारकाम केले. सडपातळ पाय, रुंद खांदे व विरळ केस अशा त्याच्या रूपाची प्रेक्षक थट्टा करीत. १८९१ मध्ये न्यू ऑर्लीन्झ येथे ‘नॉनपरेल’ जॅक डेम्प्सी (पुढील काळातील याच नावाचा अवजड गटातील विजेता वेगळा) याला तेराव्या फेरीत हरवून त्याने मध्यम गटाचे विजेतेपद मिळविले. १७ मार्च १८९७ रोजी नेव्हाडातील कार्सन सिटी येथे त्याने अवजड गटातील जगज्जेता जेम्स कॉर्बेट याला चौदाव्या फेरीत बाद केले, तेव्हा त्याचे स्वतःचे वजन मध्यम गटाच्या मर्यादेहून थोडेच अधिक होते. कॉर्बेट पडला तो हनुवटीवरील ठोशाने नव्हे, तर पोटाच्या वरच्या भागात बसलेल्या डाव्या हाताच्या ठोशाने. या लढतीचे चलच्चित्र घेण्यात आले होते. पुढे १९०३ मध्ये लघु-अवजड गटाचेही विजेतेपद मिळवून तीन गटांत जगज्जेता ठरणारा तो पहिला मुष्टियोद्धा झाला.

स्टॅन्ली केचेल (१८८६–१९१०) याची कीर्ती मुख्यतः एका पराभवावर उभी आहे. १६ ऑक्टोबर १९०९ रोजी सॅन फ्रॅन्सिस्कोजवळील कोल्मा येथे त्याने अवजड गटातील जगज्जेता जॅक जॉन्सन याला बाराव्या फेरीत खाली पाडले. जॉन्सन उठला आणि काही क्षणांतच केचेल निश्चेष्ट पडला. एक वर्षही उलटले नव्हते, तोच वयाच्या चोविसाव्या वर्षी मिसूरी राज्यात त्याचा खून झाला. २००३ मध्ये ‘द रिंग’ या अमेरिकन मासिकाने सर्व काळातील शंभर ठोसेबाजांची यादी केली, तीत केचेल सहावा व फिट्झसिमन्स आठवा होता. लोहार फिट्झसिमन्सपेक्षा केचेलला वर ठेवणे मात्र पटण्यासारखे नाही.

पोलादाच्या कारखान्यात काम केलेला टोनी झेल (१९१३–९७) आणि न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांत वाढलेला रॉकी ग्रॅझिआनो (१९१९–९०) यांच्या १९४६, १९४७ व १९४८ मधील तीन लढती मिळून पंधरा फेऱ्यांतच संपल्या. पहिली व तिसरी झेलने, तर दुसरी ग्रॅझिआनोने जिंकली. झेलचे खरे शस्त्र बरगड्यांखालचा ठोसा हे होते. शुगर रे रॉबिन्सन (१९२१–८९) याची ख्याती कौशल्यासाठी आहे. तरी १ मे १९५७ रोजी शिकागो येथे त्याने जीन फुलमर याला पाचव्या फेरीत डाव्या हाताच्या एका हूकने बाद केले. तोपर्यंत फुलमर कधीही बाद झालेला नव्हता.

१५ एप्रिल १९८५ रोजी लास व्हेगस येथे मार्व्हिन हॅग्लर (१९५४–२०२१) व टॉमस हर्न्झ (जन्म १९५८) यांच्यात झालेली लढत तिसऱ्या फेरीत हॅग्लरने जिंकली. पहिल्याच फेरीत हॅग्लरच्या डोक्यावर आदळून हर्न्झचा उजवा हात मोडला होता. जबर ठोसा मारणाऱ्याच्या हाताची हाडे त्या जोराला पुरत नाहीत, याचे हे प्रसिद्ध उदाहरण होय.

व्हर्जिन बेटांतील ज्यूलिअन जॅक्सन (जन्म १९६०) याच्या ५५ विजयांपैकी ४९ प्रतिस्पर्ध्याला बाद करून मिळविलेले होते. नोव्हेंबर १९९० मध्ये स्पेनमध्ये हेरॉल ग्रॅहमने त्याला जेरीस आणले होते; त्याचा डोळा सुजून बंद होत आला होता व लढत थांबविली जाण्याच्या बेतात होती. चौथ्या फेरीत दोरांशी रेटला गेला असता जॅक्सनने उजव्या हाताचा एकच ठोसा मारला. ग्रॅहम जमिनीवर पडण्यापूर्वीच बेशुद्ध झाला होता. याच जॅक्सनला जेरल्ड मक्लेलन (जन्म १९६७) याने १९९३ मध्ये पाचव्या व १९९४ मध्ये पहिल्याच फेरीत हरविले.

मक्लेलनने मिळविलेल्या ३१ विजयांपैकी २९ बाद करून होते. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी लंडन येथे वरच्या वजनगटात नायजेल बेनशी झालेल्या लढतीत त्याने पहिल्याच फेरीत बेनला दोरांबाहेर फेकले. दहाव्या फेरीत तो स्वतः गुडघ्यावर बसला व लढत सोडली. मेंदूत साकळलेले रक्त शस्त्रक्रियेने काढावे लागले. त्याची दृष्टी गेली, श्रवणशक्ती बव्हंशी गेली व स्मृती अधू झाली. त्याच्या ठोशांचे वर्णन करताना हा भाग अनेकदा गाळला जातो. वास्तविक दोन्ही गोष्टी एकाच हिशोबाच्या आहेत. अलीकडील काळात कझाकस्तानच्या गेनादी गोलोव्हकिन (जन्म १९८२) याने २००८ पासून सलग २३ लढती मुदतीआधी जिंकल्या. ही मालिका मार्च २०१७ मध्ये डॅनिएल जेकब्ज पूर्ण फेऱ्या टिकल्याने खंडित झाली.

भारतात हा खेळ ब्रिटिश पलटणी व रेल्वे यांच्याबरोबर आला. नासिक जिल्ह्यात हे दोन्ही मार्ग जवळजवळ होते : देवळालीची छावणी आणि थळ घाटाच्या माथ्यावरील इगतपुरी. १८६५ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग इगतपुरीस पोहोचल्यावर तेथे एंजिनचालक, गार्ड व फिटर यांची वसाहत झाली व तीत यूरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे मोठ्या संख्येने होती. देशातील अशा रेल्वे-वसाहतींतील अँग्लो-इंडियन समाजात मुष्टियुद्ध विशेष लोकप्रिय होते. आसपासच्या मराठी गावांत मात्र तालीम होती ती कुस्तीची. कुस्तीत ठोसा निषिद्ध, त्यामुळे अंगात ताकद असूनही खेडोपाडीचा मल्ल या खेळाकडे फारसा वळला नाही.

मुंबई इलाख्याचा हौशी मुष्टियुद्ध महासंघ १९२५ मध्ये व अखिल भारतीय महासंघ १९४९ मध्ये स्थापन झाला. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५० मध्ये मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर झाली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मध्यम गटात जॉन नटॉल याने भारताचे प्रतिनिधित्व केले. याच गटात विजेंदर सिंगने २००८ मध्ये बीजिंग येथे कांस्यपदक मिळविले; मुष्टियुद्धातील भारताचे हे पहिले ऑलिंपिक पदक. त्या वेळच्या यंत्राधारित गुणपद्धतीत अचूक लागलेल्या प्रत्येक ठोशाला एकच गुण मिळे, मग तो हलका असो वा जबर. २०१३ मध्ये ही पद्धत बदलून फेरीगणिक दहा गुणांची पद्धत आली व पुरुषांच्या डोक्यावरील संरक्षक टोपही काढण्यात आले. विजेंदर २०१५ मध्ये व्यावसायिक झाला.