पाच किलोमीटरचा प्रश्न: आपल्या लेकी आणि सायकल

माझ्या लहानपणी हिंगोली जिल्हा नव्हता, परभणीतला तालुका होता. गावात सायकली पाच-सहा. बाया बसायच्या मागं कॅरिअरवर, पोरी पुढं दांडीवर. सीट बापाची नाहीतर भावाची. मी सायकल शिकले ती भर दुपारी, सगळे शेतात गेल्यावर, दांडीखालून पाय घालून. पडले, गुडघा फुटला. आईनं हळद लावली आणि एवढंच म्हणाली, "तुझ्या बाबाला सांगू नको."

परवा भाची आली तेव्हा हे आठवलं. तिला शाळेत असताना सायकल मिळाली होती. रोज त्याच सायकलवर जाऊन तिनं बारावी केली. आता हिंगोलीत कॉलेजला आहे. विचारलं, सायकल कुठंय? म्हणाली, "मावशी, ती आता दादा नेतो. आई मला नको म्हणते, रस्ता लई बेकार आहे."

सायकलवर बाईनं बसावं का, हा वाद तसा जुना आहे. १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल आणली. तिच्यावर बायका बसायला लागल्या आणि तिकडंही गहजब झाला. बाईनं एकटीनं कुठं जायचं, कपडे कसले घालायचे, सगळ्यांनाच मत होतं. अमेरिकेत मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या सुझन अँथनी १८९६ मध्ये म्हणाल्या होत्या, की बाईला मोकळं करायला सायकलीएवढं दुसऱ्या कशानंच केलं नाही.

आपल्या देशात हा प्रश्न जातीचाही होता. कित्येक गावांत दलित माणसानं वरच्या आळीतून सायकलवर बसून जायचं नाही, उतरून हातात धरून न्यायची, असा दंडक होता. म्हणजे सीटवर कोण बसतं ही साधी गोष्ट कधीच नव्हती.

१९९१ मध्ये तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहीम जोरात होती. कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी अक्षरांबरोबर बायांना सायकल शिकवायचंही मनावर घेतलं. शेतमजूर, दगडखाणीवरच्या, अंगणवाडीच्या, हजारो बाया शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तर जेंट्स घेतल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहून ठेवलंय, की दांडी असलेली सायकल काहींना जास्तच आवडली, कारण दांडीवर लेकरू बसवता येतं!

२००६ मध्ये बिहार सरकारनं नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी हिशोब मांडला, तेव्हा माध्यमिक शाळेत वेळेवर दाखल होणाऱ्या मुली ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. आपल्याकडं मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते, घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असेल तर. लांबच्यांसाठी निळी एसटी. देशभरात खेड्यातल्या मुलींमध्ये सायकलनं शाळेत जाणाऱ्या २००७ मध्ये साडेचार टक्के होत्या, २०१७ मध्ये ११ टक्के झाल्या. शहरांत मात्र मुलं-मुली मिळून आकडा जेमतेम हलला.

योजना चांगलीच आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण सायकल दिली आणि रस्ता तसाच राहिला. अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड हा १६१ क्रमांकाचा महामार्ग रुंद झाला, गाड्या सुसाट झाल्या. तोच रस्ता पोरीला दप्तर घेऊन ओलांडायचा असतो. बारावी झाली की योजना संपते, सायकल भावाकडं जाते आणि पोरगी ऑटोची वाट बघते.

२०११ च्या जनगणनेत विचारलं, कामाला कशानं जाता? पण शेतकरी, शेतमजूर त्यातून वगळले. शाळेत जाणारी पोरगी त्यात नाही, निंदायला जाणारी बाई नाही. जिला मोजलंच नाही तिच्यासाठी रस्ता कोण आखणार?

म्हणून मागणी एकच. ज्या पाच किलोमीटरसाठी सायकल देता, तेवढे पाच किलोमीटर नीट करा. साईडपट्टी पक्की हवी, शाळा-कॉलेजपाशी गतिरोधक हवेत, अंधाऱ्या ठिकाणी दिवे हवेत. अपंग भाऊ-बहिणींची तीनचाकी चढेल असा उतार हवा. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, नगरपालिकेत निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. सदस्य ताईंनो, हा विषय तुम्हीच मांडा.

येत्या रविवारी सकाळी भाची आणि मी तिच्या घरापासून कॉलेजपर्यंत सायकलवर जाणार आहोत. कुठं खड्डा, कुठं अंधार, कुठं ट्रक अंगावर येतो, सगळं वहीत लिहिणार आणि अर्ज करून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडं देणार. तुमच्या लेकीला कोणत्या रस्त्यावर भीती वाटते, ते खाली लिहा. तेही अर्जात घालते.

आणि या वेळी "बाबाला सांगू नको" नाही. सगळ्यांना सांगा.