बार्ज-ओव्हरफ्लो (जलमार्गाच्या गाळउपशातील)

जहाजांच्या मार्गाची खोली राखण्यासाठी वा वाढवण्यासाठी गाळ उपसताना, बार्ज किंवा ड्रेजरचा हॉपर (गाळ साठवण्याचा कप्पा) काठोकाठ भरल्यावरही उपसा चालू ठेवून वरचे पाणी बाहेर सांडू देण्याची पद्धत. पंपाने तळातून ओढलेल्या मिश्रणात गाळापेक्षा पाणीच जास्त असते; ते काढून टाकले की तेवढ्याच जागेत घन माल अधिक मावतो.

आर्थिक बाजू : फायदा कणांच्या आकारावर ठरतो. ०.२ मिमी. व्यासाचा वाळूचा कण शांत पाण्यात मीटरभर खाली बसायला मिनिटभरही लागत नाही. २ मायक्रॉनच्या सुट्या चिकणमातीच्या कणाला तीन दिवस लागतात. म्हणून वाळूत ओव्हरफ्लो केल्यास खेपा घटतात आणि इंधन वाचते. गाळ टाकण्याची जागा जितकी दूर, तितकी बचत मोठी. मुंबई बंदराच्या तळाशी आहे तशा मऊ चिकणमातीत मात्र जेवढे आत येते, जवळपास तेवढेच बाहेर जाते. शिवाय सांडलेला गाळ मार्गातच बसला, तर तो पुन्हा उपसावा लागतो.

पर्यावरणीय परिणाम : सांडणाऱ्या पाण्याबरोबर मुख्यतः बारीक कण जातात. त्यांचा गढूळ पट्टा प्रवाहाबरोबर दूरवर पसरतो. तळाशी पोहोचणारा प्रकाश कमी झाल्याने सागरी गवत खुरटते. गाळ बसून कालवे, माशांची अंडी आणि प्रवाळ गुदमरतात. औद्योगिक बंदरांत जड धातू बहुधा याच बारीक कणांना चिकटलेले असतात. अमेरिकेतील मायामी बंदराचा मार्ग २०१३–१५ मध्ये सुमारे १५ मीटरपर्यंत खोल केला गेला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मार्गापासून ५०० मीटरच्या आत पाच लाखांहून अधिक प्रवाळ मेल्याचा अंदाज मांडला. तिथला गाळ केवळ ओव्हरफ्लोचा नव्हता. खडक फोडण्या-उपसण्यातूनही तो उठला होता.

उपाय : ओव्हरफ्लोच्या नळात झडप बसवून पाण्यात मिसळणारी हवा कमी केली, की बुडबुड्यांबरोबर गाळ वर न येता तळाकडे जातो. ओव्हरफ्लोचा कालावधी ठरवून देणे, माशांच्या प्रजननकाळात काम थांबवणे आणि गढूळपणा सतत मोजणे हेही उपाय योजले जातात. गाळरोधक पडदे जोरदार प्रवाहात फारसे टिकत नाहीत. चिकणमातीच्या तळावर ओव्हरफ्लोने नफा नगण्य आणि हानी सर्वाधिक होते; तिथे त्यावर सरसकट बंदी घालणेच हिशेबाला धरून आहे.